खान्देशातील मेंदूच्या प्रतिमा भंगारात जाऊ देऊ नका: वैद्यकीय महाविद्यालये, विद्यापीठ आणि एमआरआय केंद्रांना खुले पत्र

प्रति,
मा. अधिष्ठाता, शासकीय वैद्यकीय महाविद्यालये, जळगाव, धुळे आणि नंदुरबार;
मा. कुलगुरू, कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ, जळगाव;
आणि खान्देशातील सर्व एमआरआय केंद्रांचे संचालक.

विषय: मेंदूच्या प्रतिमांचा सामायिक संग्रह उभारण्याबाबत.

सप्रेम नमस्कार.

मी जळगाव येथील एका खासगी निदान केंद्रात बावीस वर्षे एमआरआय तंत्रज्ञ म्हणून काम केले आणि तीन वर्षांपूर्वी निवृत्त झालो. मी डॉक्टर नाही आणि संशोधकही नाही. रुग्णाला टेबलावर झोपवणे, डोक्याभोवती कॉइल बसवणे, ‘हलू नका’ असे पुन्हा पुन्हा सांगणे आणि काचेपलीकडे बसून प्रतिमा घेणे एवढेच माझे काम होते. तरीही हे पत्र मी लिहीत आहे, कारण ज्या नुकसानीबद्दल लिहायचे आहे ते माझ्या हातून झाले आहे. आमच्या केंद्रात जुने यंत्र काढून नवे बसवले तेव्हा जुन्या यंत्राबरोबर त्याचा संगणक आणि मॅग्नेटो-ऑप्टिकल डिस्कने भरलेले एक लोखंडी कपाटही बाहेर निघाले. त्या डिस्क वाचणारे उपकरण नव्या यंत्राला नव्हते आणि कपाटाची जागा हवी होती, म्हणून डिस्क भंगारवाल्याला किलोच्या भावाने दिल्या गेल्या. दिलेल्या सामानाच्या यादीवर सही माझी होती. अकरा वर्षांत घेतलेल्या हजारो मेंदूंच्या प्रतिमा त्या दुपारी एका हातगाडीवरून गेल्या, आणि त्यांच्यावर रुग्णांची नावेही होती, हे मला पुष्कळ नंतर सुचले.

असे एकट्या आमच्याकडेच घडले असेल असे मला वाटत नाही. यंत्राची साठवण भरली की सर्वांत जुने स्कॅन पुसले जातात. रुग्णाच्या घरी फिल्म गादीखाली असतात आणि एप्रिल-मेच्या उन्हात त्या एकमेकींना चिकटतात. सोबत दिलेली सीडी पाच-सात वर्षांनी उघडत नाही, आणि उघडली तरी ती लावायला आता संगणकात जागाच नसते. प्रत्येक प्रतिमेसाठी रुग्णाने काही हजार रुपये मोजलेले असतात, यंत्राने वीज आणि हेलियम खर्चलेले असते, आणि अहवालाचा कागद हाती पडला की त्या सगळ्याचे आयुष्य संपते.

माझी विनंती एका वाक्यात सांगतो. तिन्ही जिल्ह्यांत रोज घेतल्या जाणाऱ्या मेंदूच्या प्रतिमांपैकी काहींचा, रुग्णांच्या संमतीने, एक सामायिक संग्रह उभा करावा आणि त्याची सुरुवात सर्व्हर विकत घेण्यापासून न करता प्रत्येक स्कॅनसोबत भरायच्या नोंदीच्या एका पानापासून करावी. या दुसऱ्या भागावर माझा पहिल्याहून अधिक भर आहे, आणि तो का, हे पुढे येईल.

सामायिक संग्रह कशासाठी, असा प्रश्न आधी येईल, कारण प्रत्येक रुग्णालयाला आपापले रुग्ण पुरेसे वाटतात. मेंदू-प्रतिमांच्या संशोधनात बरीच वर्षे वीस-पंचवीस माणसांचे स्कॅन घेऊन निष्कर्ष काढले गेले. २०२२ साली ‘नेचर’ या नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासात सुमारे ५०,००० व्यक्तींच्या सामायिक प्रतिमा तपासून असे दाखवण्यात आले, की मेंदूची रचना आणि माणसाची बुद्धी किंवा मानसिक आरोग्य यांतील संबंध इतके सूक्ष्म असतात की ते खात्रीने पकडायला हजारो माणसे लागतात. पंचवीस माणसांत दिसलेला संबंध पुढच्या पंचवीस माणसांत दिसेलच असे नाही. आता हजारो माणसे एका रुग्णालयाला एका प्रकल्पात कधीच मिळत नाहीत. म्हणून ब्रिटनमधील ‘यूके बायोबँक’ने २०१४ पासून एक लाख स्वयंसेवकांच्या प्रतिमा घेण्याचे काम हाती घेतले, अमेरिकेत ‘ह्यूमन कनेक्टोम प्रोजेक्ट’ने सुमारे १,२०० तरुण व्यक्तींच्या प्रतिमा जगाला खुल्या केल्या, आणि ऑटिझमच्या ‘अबाइड’ या संग्रहात २०१२ साली सतरा केंद्रांनी आधीच घेऊन ठेवलेले १,११२ स्कॅन एकत्र आणले. आपल्याला जवळचे उदाहरण या तिसऱ्याचे आहे. त्यासाठी कोणी नवे यंत्र घेतले नाही आणि एकाही माणसाला नव्याने टेबलावर झोपवले नाही. जे कपाटात होते तेच बाहेर काढून एका जागी ठेवले. आमचे कपाट मात्र भंगारात गेले.

या मोठ्या संग्रहांत आपण नाही. यूके बायोबँकेतील सुमारे ९५ टक्के सहभागी गोरे आहेत. मेंदूचे मोजमाप करणारी सॉफ्टवेअर प्रत्येक प्रतिमा आधी एका ‘प्रमाण मेंदू’वर बसवून घेतात, आणि हा प्रमाण मेंदू कुणाचा, हे पाहिले तर गंमत वाटते. १९८८ साली प्रसिद्ध झालेला आणि पुढे जगभर वापरला गेलेला तालाइराकचा नकाशा साठ वर्षांच्या एका फ्रेंच स्त्रीच्या मेंदूवरून केलेला होता. त्यानंतर रूढ झालेला नकाशा कॅनडातील माँट्रिअल येथे १५२ माणसांच्या प्रतिमांची सरासरी काढून झाला. भारतीयांसाठी वेगळे नकाशे अलीकडे झाले आहेत: हैदराबादच्या ट्रिपल आयटी या माहिती तंत्रज्ञान संस्थेने २०१९ मध्ये १०० भारतीयांच्या प्रतिमांवरून एक केला, आणि बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य व मेंदूविज्ञान संस्थेने ६ ते ६० वर्षे वयोगटांसाठी पाच नकाशे केले. मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने ‘स्वदेश’ नावाचा प्रतिमासंग्रह उभारला आहे. कर्नाटकात कोलार जिल्ह्यातील श्रीनिवासपूर तालुक्यातील खेड्यांत ४५ वर्षांवरील दहा हजार माणसांचा दीर्घकाळ पाठपुरावा करण्याचे काम बंगळुरूच्या मेंदू संशोधन केंद्राने घेतले आहे, आणि त्यात एमआरआयही आहे. श्रीनिवासपूर हा आंब्यांसाठी ओळखला जाणारा, शेतकऱ्यांचा तालुका आहे. कोलारच्या शेतकऱ्याचा मेंदू नोंदला जाऊ शकतो, तर रावेरच्या केळीवाल्याचा, शिरपूरच्या कापूसवेचणीच्या बाईचा आणि अक्राणीच्या पावरा म्हाताऱ्याचा का नाही?

हा प्रश्न मी अभिमानापोटी विचारत नाही. येथील काही आजार असे आहेत की त्यांच्या प्रतिमा परदेशी संग्रहांत क्वचितच सापडतील. फिट आली म्हणून आणलेल्या मुलाच्या मेंदूत अळीची गाठ दिसणे, ही माझ्या बावीस वर्षांत नेहमीची गोष्ट होती. डुकरातील पट्टकृमीची अंडी दूषित पाणी, कच्ची भाजी किंवा न धुतलेले हात यांतून पोटात जातात, म्हणून शुद्ध शाकाहारी घरातील मुलालाही हा आजार होतो, आणि प्रत्येक वेळी घरच्यांना हे समजावताना डॉक्टरांची दमछाक होई. तशीच दिसणारी क्षयाची गाठ असते, आणि दोन्हींतील फरक ओळखण्यात तज्ज्ञांचीही कसोटी लागते. निरोगी युरोपीय स्वयंसेवकांच्या प्रतिमांवर शिकवलेले संगणकीय साधन उद्या आपल्या रुग्णालयांत आणून लावले, तर या दोन गाठींपुढे ते काय करील, याचा विचार आजच केलेला बरा.

दुसरे उदाहरण सिकलसेलचे, म्हणजे रक्तातील तांबड्या पेशी कोयत्याच्या आकाराच्या होणाऱ्या आनुवंशिक आजाराचे. नंदुरबार जिल्ह्यातील भिल्ल आणि पावरा समाजांत हा आजार आहे हे आपण सर्व जाणतो, आणि २०२३ च्या जुलैपासून त्याच्या निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियानही सुरू आहे. या आजारात मुलाला लकवा न होता, बाहेरून काहीही न दिसता, मेंदूच्या छोट्या भागांचा रक्तपुरवठा बंद पडून ते भाग मरू शकतात, आणि हे केवळ एमआरआयवर दिसते. प्रामुख्याने अमेरिकेत झालेल्या मोठ्या तपासणीत सिकलसेल असलेल्या जवळपास तीनपैकी एका मुलात असे मूक आघात आढळले. परिणाम म्हणजे मूल अभ्यासात मागे पडते, आणि आश्रमशाळेत त्याला आळशी म्हटले जाते. भारतात आढळणारा सिकलसेलचा प्रकार आफ्रिकी प्रकारांहून जनुकीयदृष्ट्या वेगळा आहे आणि त्यात गर्भातील बाळाच्या रक्तात असणाऱ्या हिमोग्लोबिनचे प्रमाण जन्मानंतरही जास्त राहते, त्यामुळे अमेरिकेचा आकडा उचलून नंदुरबारला लावता येत नाही. आपला आकडा आपल्याच मुलांच्या प्रतिमांतून काढावा लागेल, आणि त्याच वयाच्या निरोगी स्थानिक मुलांच्या प्रतिमा शेजारी असल्याशिवाय तो काढता येणार नाही.

येथे एक गोष्ट आवर्जून सांगतो. ज्या स्कॅनच्या अहवालात शेवटी ‘विशेष दोष आढळला नाही’ असे लिहिलेले असते, त्याची किंमत कोणी करत नाही. रुग्ण म्हणतो पैसे वाया गेले, डॉक्टर म्हणतात बरे झाले, आणि साठवण रिकामी करताना सर्वांत आधी तोच पुसला जातो. सामायिक संग्रहासाठी मात्र तोच अधिक दुर्मिळ ठरतो, कारण चाळिशीतील, साठीतील, पंचाहत्तरीतील साधारण खान्देशी मेंदू कसा दिसतो, हे ठरल्याशिवाय कुणाचा मेंदू वयापेक्षा जास्त आक्रसला आहे हे सांगायला आधार नसतो. डोकेदुखीसाठी आलेल्या माणसाला पूर्णपणे निरोगी म्हणता येणार नाही हे मला मान्य आहे, पण तशी नोंद केली, की संशोधकाला त्यातून वाट काढता येते.

आता नोंदीच्या त्या पानाकडे येतो, आणि येथे माझीच चूक कबूल करून सुरुवात करतो. यंत्रात रुग्णाचे वय भरल्याशिवाय स्कॅन सुरू होत नाही. ‘वय किती?’ असे विचारले की खेड्यातील वृद्ध स्त्री सुनेकडे पाहते, सून म्हणते ‘साठ-पासष्ट असेल’, मागे आठ रुग्ण रांगेत असतात, आणि मी साठ भरून मोकळा होतो. वजनाच्या रकान्यात पन्नास. आधार कार्डावर पाहावे तर तेथेही जन्मतारीख पुष्कळदा एक जानेवारी असते. मी माझ्या केंद्रातील जुन्या नोंदवह्या कधी चाळल्या, तर त्यांत साठ, पासष्ट आणि सत्तर वर्षांच्या माणसांची गर्दी दिसे आणि एकसष्ट-बासष्टचे जवळजवळ कोणीच नसे, जणू खान्देशात माणसे पाच-पाच वर्षांच्या उड्या मारत म्हातारी होतात. अहवालासाठी याने काही बिघडत नाही. पण मेंदूचे आकारमान वयाप्रमाणे कसे घटते हे शोधणाऱ्याच्या हाती अशी नोंद दिली, तर उत्तम यंत्रावर घेतलेली सुंदर प्रतिमाही निकामी ठरते. उपाय जुनाच आहे आणि जनगणना करणाऱ्यांना तो ठाऊक आहे: १९७२ च्या दुष्काळात तुमचे लग्न झाले होते का, पहिले मूल तेव्हा केवढे होते, असे दोन-तीन प्रश्न विचारले की वय दोन वर्षांच्या आत येते. त्यासाठी लागणारी तीन मिनिटे मला कोणी दिली नाहीत आणि मीही मागितली नाहीत.

वयाखेरीज त्या पानावर शाळेची वर्षे, उजवा की डावा हात, घरची भाषा, बाहेरची भाषा, तंबाखू, दारू, मधुमेह, रक्तदाब, डोक्याला पूर्वी झालेला मार आणि स्कॅन कशासाठी केला हे असावे. यांतील भाषेचा रकाना मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. २०१३ साली हैदराबादच्या डॉक्टरांनी स्मृतिभ्रंशाच्या ६४८ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि त्यात दोन भाषा बोलणाऱ्यांना हा आजार एकभाषकांपेक्षा सुमारे साडेचार वर्षे उशिरा जडल्याचे दिसले. शाळेत कधीच न गेलेल्यांतही हा फरक होता. खान्देशात तर माणूस घरी अहिराणी बोलतो, कचेरीत मराठी, रेल्वेत हिंदी आणि सुरतला कामाला गेला की गुजराती. पूर्वेकडे लेवा बोली, सातपुड्यात भिली आणि पावरी. ज्या प्रश्नाचा शोध जग घेत आहे त्याची प्रयोगशाळा आपल्या बाजारपेठांत भरते, आणि आपण रुग्णाची भाषा कागदावर ‘मराठी’ एवढीच लिहितो.

स्मरणशक्तीच्या चाचणीबाबतही हेच. भारतात साठीवरील ७.४ टक्के लोकांना, म्हणजे सुमारे ८८ लाख जणांना, स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज ‘लासी-डॅड’ या देशव्यापी अभ्यासातून २०२३ मध्ये पुढे आला, तेव्हा वृद्धांच्या प्रतिमेबरोबर स्मरणाची चाचणी घेणे ओघानेच येते. पण तीही माणसाच्या भाषेत व्हायला हवी. एका वृद्ध गृहस्थांना आजची तारीख विचारली गेली आणि त्यांना ती सांगता आली नाही, म्हणून त्यांचा गुण कापला गेला, हे मी शेजारच्या खोलीतून ऐकले आहे. त्याच गृहस्थांनी नंतर मला तिथी सांगितली, पुढचा बाजार कोणत्या वाराला हेही सांगितले आणि मग ‘मन्हा डोकामा मुंग्या चालतस’ अशी तक्रार केली, जिचे मराठीत भाषांतर होऊन कागदावर आले तेव्हा ती फक्त ‘डोकेदुखी’ उरली होती. हरियाणातील बल्लभगढ येथे १९९० च्या दशकात न शिकलेल्या ग्रामीण वृद्धांसाठी अशी चाचणी हिंदीत मुद्दाम घडवली गेली होती. अहिराणी आणि पावरीत ती घडवणे हे विद्यापीठाच्या भाषा आणि मानसशास्त्र विभागांचे काम आहे. त्यासाठी एमआरआयची वाट पाहण्याचे कारण नाही.

प्रतिमेच्या बाबतीत अडचण अशी, की निदानासाठी आपण बहुधा पाच मिलिमीटर जाडीचे काप घेतो आणि दोन कापांत थोडी जागा सोडतो. डोळ्यांना ते पुरते, पण आकारमान मोजणाऱ्या सॉफ्टवेअरला एक मिलिमीटरच्या चौकोनी तुकड्यांत घेतलेली ‘टी-वन’ प्रकारची त्रिमितीय प्रतिमा लागते. तिला सुमारे पाच मिनिटे अधिक लागतात. केंद्रचालकांना पाच मिनिटे म्हणजे काय हे मला कोणी शिकवायला नको. दिवसाला वीस रुग्ण असतील तर ती शंभर मिनिटे होतात, आणि शंभर मिनिटांत चार रुग्ण बसतात. म्हणून मी सर्वांचे मागत नाही. प्रत्येक केंद्राने दिवसाला फक्त दोन, संमती दिलेल्या रुग्णांची ही जादा प्रतिमा घ्यावी. वर्षाचे तीनशे दिवस धरले तर एका केंद्राचे सहाशे आणि पाच केंद्रांचे तीन हजार स्कॅन होतात. वाटल्यास या दहा मिनिटांचे शुल्क विद्यापीठाने द्यावे, आणि रुग्णाकडून मात्र एक रुपयाही घेऊ नये.

निवड करताना जे सोपे तेच घेऊ नये, एवढी सूचना तंत्रज्ञांना द्यावी. सातपुड्यातील पुष्कळ स्त्रियांच्या अंगावरचे चांदीचे दागिने वर्षानुवर्षे निघालेले नसतात, ते काढायला वेळ लागतो, समजूत घालावी लागते, कधी सोनाराला बोलवावे लागते. घाईत तंत्रज्ञ पुढचा रुग्ण घेतो. अशा घाईतून जमलेला संग्रह शहरी पुरुषांचा होतो आणि त्याला नाव मात्र खान्देशचे राहते.

वेगवेगळ्या कंपन्यांची, दीड आणि तीन टेस्ला अशा वेगवेगळ्या चुंबकीय ताकदीची यंत्रे एकत्र कशी आणायची, हा आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. एकाच माणसाचा मेंदू दोन यंत्रांवर दोन आकारांचा भरतो. हा फरक गणिताने कमी करण्याच्या पद्धती आहेत, ठरावीक द्रव भरलेला चाचणीचा गोळा सर्व यंत्रांत ठेवून पाहता येतो, पण सर्वांत खात्रीचा मार्ग म्हणजे तीच माणसे सर्व यंत्रांवर नेणे. पाच-सहा स्वयंसेवक निवडावेत आणि त्यांनी सहा महिन्यांतून एकदा प्रत्येक केंद्रात जाऊन डोके यंत्रात ठेवून यावे. भुसावळ-सुरत मार्गावर जळगाव, अमळनेर, दोंडाईचा आणि नंदुरबार एका ओळीत येतात, धुळ्याला तेवढी एसटी करावी लागेल. इतक्या स्वस्तात यंत्रांची तुलना दुसऱ्या कोणत्याही प्रकारे होणार नाही.

गुप्ततेबद्दल मी तुमच्यापेक्षा कमी घाबरतो असे समजू नका. प्रतिमेच्या फाइलमध्ये रुग्णाचे नाव, जन्मतारीख, पाठवणाऱ्या डॉक्टरचे नाव आत लिहिलेले असते, ते काढावेच लागते. पण नाव काढून भागत नाही, कारण त्रिमितीय प्रतिमेत माणसाचा चेहराही असतो. अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी २०१९ मध्ये दाखवले, की ८४ स्वयंसेवकांच्या एमआरआयवरून चेहरे तयार करून ते छायाचित्रांशी ताडले असता ७० जणांची ओळख बरोबर पटली. म्हणून प्रतिमा केंद्राबाहेर जाण्यापूर्वी तिच्यातील चेहऱ्याचा भाग पुसणारे सॉफ्टवेअर चालवणे बंधनकारक असावे. ते फुकट मिळते. आपल्याकडे याहून मोठा धोका वेगळाच आहे: एखाद्या पाड्यावरील चौदा वर्षांचा, सिकलसेल आणि फिट असलेला मुलगा म्हटले, की नावाची गरजच उरत नाही, सारा पाडा त्याला ओळखतो. संग्रहात गाव आणि तालुका येऊच नये, जिल्हा पुरे. संशोधकाला वय वर्षांत मिळावे, जन्मतारीख कधीही मिळू नये.

संमतीचा कागद तर आज आपण रुग्णाच्या अंगठ्याखाली सरकवतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०१७ च्या नीतितत्त्वांनुसार वाचता न येणाऱ्या व्यक्तीची संमती निष्पक्ष साक्षीदारासमोर घ्यावी लागते, आणि गावच्या कारभाऱ्याने होकार दिला तरी तो त्या व्यक्तीच्या होकाराची जागा घेत नाही. २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात संशोधनासाठी सवलत आहे, पण तीही त्या माहितीवरून त्या व्यक्तीबद्दल निर्णय घेतला जात नसेल आणि ठरवलेली मानके पाळली जात असतील तरच. संमतीत एक प्रश्न स्वतंत्र हवा: ही प्रतिमा व्यापारी कंपनीला दिली तर चालेल का? हा प्रश्न काल्पनिक नाही. नोकरीच्या शेवटच्या वर्षांत एका कंपनीचा प्रतिनिधी आमच्याकडे दर स्कॅनमागे ठरावीक रक्कम देण्याचा प्रस्ताव घेऊन आला होता आणि रुग्णांना विचारण्याचा उल्लेख त्याच्या बोलण्यात एकदाही आला नाही. आम्ही नकार दिला, पण तो पुढच्या केंद्रात गेला असणारच.

राहिला प्रश्न मालकीचा, आणि माझ्या अनुभवाने तोच सर्वांत अवघड आहे. ‘आमचे रुग्ण, आमचे स्कॅन, दुसऱ्याने त्यावर निबंध का छापावा?’ हे वाक्य मी मोठ्या डॉक्टरांच्या तोंडून ऐकले आहे. एकट्या त्यांनाच दोष देण्याचे कारण नाही. अमेरिकेतील डार्टमथ कॉलेजात २००० च्या सुमारास मेंदू-प्रतिमांचे एक सामायिक केंद्र सुरू झाले आणि एका नियतकालिकाने निबंधासोबत मूळ प्रतिमा तेथे देण्याची अट घातली, तेव्हा तेथील संशोधकांनीही हेच म्हणत विरोध केला होता. ते केंद्र पुढे निधी संपून नव्या प्रतिमा घेईनासे झाले. त्याच्या शेजारी ‘एनिग्मा’ या आंतरराष्ट्रीय गटाची पद्धत ठेवून पाहावी. २००९ पासून त्यांनी अनेक अभ्यासांत प्रतिमा हलवल्याच नाहीत; प्रत्येक केंद्राला मोजणीची एकच पद्धत दिली, केंद्राने ती आपल्याच संगणकावर चालवली आणि फक्त आकडे पाठवले. आपणही पहिली दोन वर्षे असेच करावे. प्रतिमा ज्याच्या त्याच्या घरी राहतील, नोंदीचे पान, संमतीचा कागद, यंत्राच्या मोजमापांची यादी आणि फाइलींना नावे देण्याची पद्धत मात्र सर्वांची एक असेल. या शेवटच्या गोष्टीसाठी ‘बिड्स’ नावाची जगमान्य रचना २०१६ पासून उपलब्ध आहे, आपण नवी शोधू नये. प्रतिमा कोणाला द्यायच्या हे ठरवणाऱ्या समितीत तीन महाविद्यालयांबरोबर आदिवासी समाजातील दोन व्यक्ती मताच्या अधिकारासह असाव्यात. नुसत्या बोलावलेल्या पाहुण्यांसारख्या त्या बसू नयेत.

सर्व्हरबद्दल मी आतापर्यंत लिहिले नाही, कारण लिहिण्यासारखे फार नाही. एक त्रिमितीय प्रतिमा सुमारे २३ एमबीची असते. नेहमीचे इतर सर्व क्रम धरून एका रुग्णाचे दोनशे एमबी मानले तरी वर्षाचे तीन हजार रुग्ण सहाशे जीबीत बसतात, आणि एवढी जागा असलेली डिस्क आता कोणत्याही दुकानात मिळते. तिच्या दोन प्रती, दोन वेगळ्या शहरांत, कुलपात. मोठी निविदा काढून थंड खोलीत यंत्रे उभी केली आणि आत ‘वय साठ, वजन पन्नास, भाषा मराठी’ अशा तीन हजार नोंदी भरल्या, तर माझ्या हातून भंगारात गेलेल्या डिस्कमध्ये आणि त्या खोलीत मला काही फरक दिसणार नाही.

म्हणून तीन महाविद्यालयांचे क्ष-किरण आणि मेंदूविकार विभाग, विद्यापीठ, आणि किमान पाच केंद्रांचे चालक यांची एक बैठक पावसाळ्यापूर्वी जळगावला बोलवावी, अशी विनंती करतो. त्या बैठकीत फक्त नोंदीचे पान आणि संमतीचा कागद मंजूर करून नीतिमत्ता समित्यांकडे पाठवावेत, बाकी काही ठरवू नये. पानाचा एक मसुदा मी माझ्या परीने तयार केला आहे. तो अहिराणीतही आहे, पण पावरीसाठी जाणकार माणूस लागेल. यंत्रांच्या तुलनेसाठी फिरणाऱ्या स्वयंसेवकांत पहिले नाव माझे लिहावे. माझ्या शरीरात कोठेही धातू नाही, बंद जागेची भीती नाही, आणि वय एकसष्ट आहे, दाखल्यासह.

आपला नम्र,
एक निवृत्त एमआरआय तंत्रज्ञ,
जळगाव